भाटानं दिलेलं देवक

आमच्या घरात उन्हाळ्यात चूल एकदाच पेटायची. सकाळी. आई बाजरीच्या कण्या शिजवायची, त्यात अंबाडीचा पाला, आणि तेच दिवसभर पुरवायचं. संध्याकाळी गार कण्या पाण्यात कालवून आम्ही प्यायचो. जेवायचो असं म्हणता येणार नाही. कन्नडच्या अलीकडं आमचं गाव. जमीन कसायचो ती जहागीरदाराची, बटईनं, म्हणजे वाट्यानं. खळ्यावर रास झाली की त्याचा माणूस घोड्यावरून यायचा, राशीभोवती राखेची रेघ ओढायचा आणि ती कुणी मोडू नये म्हणून राखणीला आपला गडी बसवून जायचा. आमच्याच खळ्यावर आम्ही पाय जपून टाकायचो. वाटणी झाल्यावर आमच्या वाट्याला जे उरायचं ते आई आधी पदरात घेऊन हुंगायची. मी एकदा विचारलं, "हुंगती कामून?" ती म्हणाली, "वास तरी पोटभर घेऊ दे."

निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी सहा वर्षांचा असेन. मला त्यातलं काही समजलं नाही. एवढंच आठवतं, की त्या सालच्या राशीला राखेची रेघ ओढायला कुणी आलं नाही. बापू, म्हणजे माझे वडील, चार दिवस राशीपाशी बसून राहिले. उचलायचा धीर होईना. शेवटी आईच म्हणाली, "येणार असता तर आला नसता का?" आणि पाटी भरली.

पुढं जहागिऱ्या गेल्या, कायदे आले, कन्नडला खेटे घालून घालून बापूच्या चपला झिजल्या आणि अठरा एकर काळं रान त्यांच्या नावावर लागलं. पोट भरायला लागलं. मग बापूला दुसरी भूक लागली.

ती कुठून लागली तेही मी बघितलं आहे. पाटलाच्या घरी लग्न होतं. बापू नवं धोतर नेसून, मला बोटाला धरून, सरळ पहिल्या पंगतीला बसले. वाढपी आले, पत्रावळीवर बुंदी पडली. तेवढ्यात पाटलाच्या भाऊकीतला एक म्हातारा काठी टेकत आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "अरे, ही पंगत सोयऱ्यांची हाय. तू तिकडं बस, चुलवणापाशी." मागून कुणीतरी हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, "कुणबी माजला, मराठा झाला." लोक हसले. बापू उठले. हात न धुता निघाले, कारण हाताला काही लागलंच नव्हतं. माझ्या तोंडात बुंदीचा घास होता आणि मला राग आला तो बापूचा.

बाहेरच्या माणसाला हे समजणं अवघड आहे. आमचा आणि पाटलाचा बांधाला बांध. देव एक, सण एक, भाकरी एक. पण ते नांगराला हात लावायचे नाहीत, त्यांच्या बायका विहिरीवर दिसायच्या नाहीत आणि त्यांच्यात विधवेचा पाट लागायचा नाही. आमच्या बायका रानात खपायच्या, आमच्यात विधवेला दुसरं घर मिळायचं. त्यामुळं ते कुळवंत आणि आम्ही नुसते कुणबी. एकमेकांच्या लग्नाला जायचं, पण सोयरीक करायची नाही. त्यांचे म्हातारे सांगायचे, आम्ही उत्तरेतून आलो, राजांचे वंशज. आमचे आजोबा म्हणायचे, "आपण नांगराच्या फाळातून निघालो." मी पुढं कॉलेजात चार पुस्तकं वाचली, त्यात चार मतं सापडली. माझं स्वतःचं मत सांगतो. ज्याच्या घरात तीन पिढ्या जमीन टिकली आणि ज्याचा एखादा पणजा कधी काळी कुणाच्या फौजेत जाऊन परत आला, तो वर बसला. ज्याची जमीन दुष्काळानं हिसकावली तो खाली आला. नांगर दोघांचाही होता. हे मत आज मी ठणकावून सांगतो, पण त्या वयात मलाही वरच बसायचं होतं.

पंगतीच्या त्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी सुगीत भाट आला. लालसर घोडी, एका कानात चांदीची बाळी, डावा डोळा तिरपा, आणि तांबड्या फडक्यात बांधलेलं बाड. आमच्या ओसरीवर तीन दिवस राहिला. तिन्ही दिवस त्याला तूप होतं, आम्हाला नव्हतं. तिसऱ्या दिवशी लिंबाखाली चार लोक जमवून त्यानं आमची वंशावळ वाचली. कुठल्या कुठल्या राजांपासून सुरू झाली आणि एका दमात खाली येत माझ्या पणज्याच्या नावावर थांबली. आमचं आडनाव वेगळं निघालं, कुळी मोठी निघाली, आणि आमचं देवक तलवार आहे असंही निघालं. एक पोतं ज्वारी आणि एक कालवड घेऊन भाट गेला.

देवक म्हणजे घराण्याचं पूज्य चिन्ह. कुणाचा कळंब, कुणाचं मोराचं पीस, कुणाचा वेळू. लग्नाच्या आधी ते मांडवाच्या मेढीला बांधतात. आणि एकच देवक असलेल्या दोन घरांत लग्न होत नाही. ते एकमेकांचे भाऊ समजतात. बापूनं औरंगाबादच्या जुन्या बाजारातून एक तलवार आणली. तिला धार नव्हती आणि मूठ दुसऱ्याच कुठल्या तलवारीची होती. ती देवांच्या वर खुंटीला टांगली.

त्या तलवारीनं आमचं घर बदललं. शाळेच्या रजिस्टरात माझं आडनाव बदललं. आईचं रानात जाणं बंद झालं. "कुळवंताच्या बायका रानात जात नसतात," बापू म्हणाले. जी बाई दिवसाला दोन कोस चालायची ती उंबऱ्यापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून उंबऱ्यापर्यंत येरझाऱ्या घालायला लागली. एकदा चिडून म्हणाली, "मला काय कोंबडी केली का, डाल्याखाली झाकायला?"

सगळ्यात वाईट झालं ते आत्याचं. बापूची धाकटी बहीण. विशीत नवरा गेला, मूल नव्हतं, आमच्याकडं परत आली होती. नदीपलीकडच्या एका बिजवरानं मागणी घातली होती, माणूस चांगला होता, पाट लावायचं जवळजवळ ठरलं होतं. बापूनं नाही म्हणून निरोप धाडला. "आता आपल्यात पाट लागत नसतो." आत्यानं त्या दिवशी गोठा दोनदा झाडला.

मी मॅट्रिक झालो आणि औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेजात गेलो. गारखेड्याला खोली घेतली. गारखेडा तेव्हा गावच होतं, कॉलेजपर्यंत सायकल हाणावी लागायची. मी हुशार होतो हे सांगायला मला लाज वाटत नाही. आमच्या पंचक्रोशीत माझ्या आधी कॉलेजात गेलेला कुणी शेतकऱ्याचा पोर मला माहीत नाही. आणि तिथं मी काय केलं? वर्गातल्या पोरांना तलवारीचं देवक सांगत फिरलो. पण सांगून झालं की मला बसवायचं नाही. कुणीतरी पुढचा प्रश्न विचारील या भीतीनं मी उठून नळावर पाणी प्यायला जायचो.

माझं शेवटचं वर्ष होतं तेव्हा बहिणीचं स्थळ आलं. ती सातवीपर्यंत शिकलेली. मुलगा करमाडकडच्या एका गावचा, शाळामास्तर. त्याला वडील नव्हते, कारभार चुलत्याकडं. बघायला आले तेव्हा मास्तरनं एकच विचारलं, "वाचायला आवडतं का?" बहिणीनं मान खाली घालूनच उलट विचारलं, "घरात हायेत का पुस्तकं?" म्हाताऱ्या मंडळींच्या हातातली सुपारी तशीच राहिली. मास्तर मोठ्यानं हसला. ते गेल्यावर बहीण मला परसात गाठून म्हणाली, "दादा, हेच होऊ दे." तिनं आयुष्यात माझ्याकडं मागितलेली ती पहिली गोष्ट.

आडनावं वेगळी होती, म्हणून मध्यस्थानं खोलात जाऊन काही विचारलं नाही. सुपारी फोडायला सगळे आमच्या ओसरीवर जमले. मुलाचा चुलता भारदस्त माणूस, खांद्यावर उपरणं, बोलणं हळू. गावातले चार लोक होते, त्यात पाटलाच्या भाऊकीतला तो काठीवाला म्हातारा. त्याला मुद्दाम बोलावलं होतं, कारण त्याच्यासमोरच तर सांगायचं होतं. रिवाज म्हणून चुलत्यानं विचारलं, "पाव्हणं, तुमचं देवक काय?"

बापू या प्रश्नाची दहा वर्षं वाट बघत होते. त्यांनी भिंतीचा टेका सोडला आणि म्हणाले, "तलवार."

चुलत्यानं तोंडाशी नेलेलं पान खाली ठेवलं. "आमचंबी तलवारच."

मग काठीवाला म्हातारा म्हणाला, "झालं की. भाऊकी निघाली. पोरगी पोराची बहीण लागती."

"कुळी कोणती?" चुलत्यानं विचारलं. बापूनं भाटानं सांगितलेली कुळी सांगितली. तीही एकच निघाली. चुलता हात जोडून उठला. "आमचा नाइलाज हाय. देव माफ करणार नाय." सुपारी न फोडताच बैल जुंपले. मास्तर आला नव्हता, ते बरं झालं. आतल्या खोलीत बहीण नवी साडी नेसून बसली होती ती संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी काठीवाला म्हातारा पुन्हा आला, या वेळी आपण होऊन. म्हणाला, "तुमची कुळी आता चारचौघांत साबित झाली. मग आमच्याच भाऊकीत एक बिजवर हाय. दोन लेकरं हायेत, पण घर मोठं. विचार करा. सोमवारच्या कन्नडच्या बाजाराला सांगा." बापूनं त्याला दारापर्यंत पोचवलं. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. ज्या पंगतीतून त्यांना उठवलं होतं त्या पंगतीचे ते आता सोयरे होणार होते.

"तो चाळीसचा हाय," आई म्हणाली.

"पाटील घराणं हाय."

तेव्हा आत्या चुलीपुढून बोलली. आमच्या घरात ती मोठ्यानं बोलत नसे. "दादा, माझ्या लग्नाला मेढीला तलवार नव्हती. उंबर व्हता. उंबराची डहाळी. आईनं माझ्या अंगाला लावून मग मेढीला बांधली, मला चांगलं ठावं हाय."

"तू गप बस."

"बसले की दहा वर्षं. माझ्या येळी तुझी तलवार आडवी आली, आता पोरीच्या येळीबी तीच आली. मला मागणाऱ्यानं तर कवाच दुसरीशी पाट लावला. हिला तरी जाऊ दे."

बापू बाहेर निघून गेले. मी आत्याला म्हणालो, तुझ्या शब्दावर करमाडकडची माणसं फिरणार नाहीत, विधवा बाईच्या सांगण्यावर कुणी देवक मानत नाही. ती म्हणाली, "मग पैठणला जा. आमच्या आज्याची रक्षा तिथं नेली व्हती. भटजीच्या वहीत नाव असंल. आन् हे बघ, नव्या आडनावानं इचारू नको. गावणार नाय. जुनं सांग."

शनिवारी पहाटेच्या एसटीनं मी निघालो. सोमवारच्या आत परत यायचं होतं. पैठणला घाटावर चौकशी करत आमच्या भागाचे भटजी शोधले. ते जेवायला बसलेले. मी त्यांच्या ओट्यावर बसलो, उठलो, नदीवर जाऊन आलो, परत बसलो. शेवटी ते हात पुसत आले. "गाव?" मी सांगितलं. "आडनाव?"

आणि मी नवं आडनाव सांगितलं. आत्यानं बजावलेलं असून सांगितलं. पाच वर्षं कॉलेजात सवय झाली होती, तोंडातून तेच निघालं. त्यांनी पानं चाळली, मान हलवली. "या नावाचं तुमच्या गावचं कुणी नाही." मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगतो. बरं वाटलं. वाटलं, नाहीच म्हणतात तर जाऊ दे, मी प्रयत्न केला. उठून पायरीपर्यंत आलोसुद्धा. मग बहिणीचं परसातलं बोलणं आठवलं आणि मी तिथूनच, पाठमोरा, जुनं आडनाव सांगितलं. गावातली पोरं ज्या नावानं मला चिडवायची ते नाव.

"ते होय," भटजी म्हणाले आणि पान लगेच निघालं. मजकूर मोडीत होता. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवला. माझ्या आजोबांच्या आजोबांपासूनची नावं, मूळ गाव घाटाखालचं, दुष्काळात वर आलेले, जात कुणबी. सही करता येत नव्हती म्हणून निशाणी काढलेली. नांगर. कुणीतरी कष्टानं काढलेला छोटा वाकडा नांगर. भटजींनी सगळं बाळबोध लिपीत उतरवून खाली आपली सही केली. "देवक आम्ही लिहीत नाही," ते म्हणाले. "पण मूळ गाव आहे. जाणकाराला तेवढं पुरतं."

गारखेड्याला खोलीवर आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. गावाकडची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. कागद खिशात ठेवला, काढला, वहीत ठेवला, परत खिशात ठेवला. शिंप्याचं काम करणाऱ्या एका मुसलमान चाचांची ती खोली. मशीन थांबवून ते म्हणाले, "क्या मियाँ, कब से चक्करां मार रए. पाँव जल रए क्या?" मी त्यांना सगळं सांगितलं, का कोण जाणे. घरच्यांना सांगवत नाही ते परक्याला सांगता येतं.

ते दोरा ओवत म्हणाले, "हमारे अब्बा बोलते थे, हम बुखारे से आए. मैं पूछा, अब्बा, उधर का कोई खत-बित? बोले, चुप." आणि हसले. "जाओ, बहन का देखो. बुखारा किधर भागा जा रा."

मी हसलो नाही. मला ते सोपं वाटलं. त्यांच्या बुखाऱ्यावर कुणाचं लग्न अडलं नव्हतं.

रविवारी सकाळी गावी न जाता मी आधी करमाडची गाडी धरली आणि चुलत्याच्या गावाला गेलो. कागद दाखवला नाही. एवढंच म्हणालो, "चूक झाली असावी. उद्या सकाळी या. बाजाराच्या आधी या." चुलत्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "शिकल्याला पोरगा हायेस, म्हून येतो." मास्तर मला वेशीपर्यंत सोडायला आला. माझी पिशवी त्यानंच धरली होती.

घरी आल्यावर बापूला कागद वाचून दाखवला. ते ऐकत राहिले. म्हणाले, "फाड."

"नाय फाडणार."

"तुझ्या कॉलेजातल्या कागदावर काय नाव हाय?"

ते नाव मीही मिरवलं होतं. मी म्हणालो, "माझं राहू द्या. तिचं बघा."

"लोकांसमोर काढलास तर बाप मेला समज," असं म्हणून ते बैलांना पाणी दाखवायला गेले.

सोमवारी सकाळी चुलता दोन माणसं घेऊन आला. काठीवाला म्हातारा बाजाराला निघता निघता उत्तर घ्यायला आला होता, तोही बसला. मी कागद काढला. वाचलं. जुनं आडनाव वाचलं, घाटाखालचं गाव वाचलं. मग "जात कुणबी, निशाणी नांगर" वाचलं.

"घ्या," म्हातारा काठीवर हनुवटी टेकून म्हणाला. "आत्ता निघाली का कुळी!"

चुलता माझ्याकडं बघत नव्हता. बापूकडं बघत होता. "पाव्हणं, पोरगा वाचतोय ते खरं का?"

बापूनं नाही म्हटलं असतं तर माझा कागद खोटा ठरला असता. बापाच्या शब्दापुढं पोराचा कागद कोण धरतो? बिजवराचं घर तिथंच पक्कं झालं असतं. दाराच्या आड बहिणीच्या बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या. आत्या दारात उभी होती, नेहमीसारखी आडोशाला नव्हे, मधोमध. बापूनं तिच्याकडं एकदा बघितलं. मग आत, बहीण होती तिकडं बघितलं.

"खरं हाय," ते म्हणाले. "माझा आजा नांगर धरत व्हता. मीबी धरतो. भाटानं मला इचारलं, मूळ कुठलं. मीच म्हणलो, चांगलं कायतरी लिव. त्यानं लिवलं. आमचं देवक उंबर हाय." आणि मग म्हाताऱ्याकडं वळून, जरा जोरात, "तुमच्या घरी आमची पोरगी शोभायची नाय, बाबा. आम्ही कुणबी माणसं."

म्हातारा उठला. पान न घेता गेला.

चुलता मात्र बसून राहिला. मग मला म्हणाला, "चल रं, जरा विहीर दाखव तुमची." विहिरीपाशी येऊन त्यानं आजूबाजूला बघितलं आणि हळूच विचारलं, "तो भाट दिसायला कसा व्हता?"

मी सांगितलं. लालसर घोडी. कानात बाळी. डावा डोळा तिरपा.

चुलत्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "तूप लई खायचा," एवढंच म्हणाला.

एकाच भाटानं दोन घरांना एकच तलवार दिली होती. मला हसू येत होतं आणि मी ते गिळलं. चुलता परत ओसरीवर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्या घाटाखालच्या गावचे उंबरवाले मला ठावं हायेत. आमची एक चुलती तिथलीच. त्यांचं उंबर, आमची तलवार. सोयरीक जमती." त्यांची तलवार त्यांनी ठेवली. आम्हीही कुणाला काही बोललो नाही. सुपारी फुटली.

लग्न वैशाखात झालं. त्याआधी बापू माझ्याशी वीस-पंचवीस दिवस बोलले नाहीत; बोलायचं असेल तर बैलाला ऐकवायचे. देवकाच्या दिवशी ओढ्याकाठचा उंबर आत्यानं दाखवला आणि मी डहाळी तोडली. मारुतीला देवक न्यायचं ते जोडप्यानं, बापूनं आणि आईनं. वाजंत्री दारात येऊन थांबली तरी बापू गोठ्यातच. आई ताट घेऊन उभी. मी दारात जायचो आणि परत यायचो. शेवटी ते आले, रिवाजाप्रमाणं खांद्यावर कुऱ्हाड घेतली, आईच्या पदराला उपरण्याची गाठ मारली. चौघांनी त्यांच्या डोक्यावर धोतराचं छत धरलं आणि मिरवणूक निघाली. दहा वर्षांत आई पहिल्यांदा भर दिवसा गावाच्या रस्त्यानं चालत होती. ती इतकी भरभर निघाली की गाठीला ओढ बसायला लागली आणि बापू म्हणाले, "अगं, हळू चाल." ती हळू चालली नाही.

पाटलाच्या घरचं कुणी जेवायला आलं नाही. त्यांच्यासाठी राखलेली पंगत रिकामी राहिली, तेव्हा आत्यानं तिथं घाटाखालून आलेल्या, आम्ही कधी न बघितलेल्या भाऊकीला बसवलं. त्यांना निरोप मीच धाडला होता. अनोळखी माणसं, पण नाकं आमच्यासारखीच. बापू त्यांना स्वतः वाढत होते. मध्येच माझ्यापाशी थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "बुंदी कमी पडतीय. आत बघ." इतक्या दिवसांनी ते माझ्याशी बोलले ते हे.

परिस्थिती एका लग्नानं बदलली असं मी म्हणणार नाही. पाटलाच्या घराशी आमची सोयरीक आजही नाही. बापूनं आईला रानात जायला पुन्हा कधी अडवलं नाही, पण आत्यासाठी स्थळ शोधा असं मी म्हणालो तेव्हा तीच म्हणाली, "आता कुणाची धुणी धुवू?" आणि विषय मिटला. त्याचा बोल मी बापूला लावला, मला स्वतःलाही लावतो.

बहीण मास्तरच्या घरी गेली आणि सुखानं नांदली. तिथं पुस्तकं होती. त्याच वर्षी मी बी.ए. पास झालो, आमच्या घराण्यात तोवर कुणी झालं नव्हतं.